विचारल्याशिवाय दुखणे कळत नाही



मोअदोनमध्ये, आणि कधी घरीही, विद्यापीठातील एखादी विद्यार्थिनी वही घेऊन येते. ती रक्तदाब मोजत नाही की साखर तपासत नाही. सकाळी उठल्यावर तुम्ही काय करता, दुखू लागले म्हणजे आधी कोणाला सांगता, गोळ्या कुठे ठेवता, डॉक्टरांकडे सोबत कोण येते, असले प्रश्न ती विचारते. संधी मिळाली तर स्वयंपाकघरातही डोकावते. आपल्यातील पुष्कळांना वाटते, हे कसले संशोधन? ह्या गप्पांचा औषधपाण्याशी काय संबंध? काहींना तर संशय येतो की हिला बितुआह लेउमीनेच पाठवले असावे.

ह्या शंका साहजिक आहेत. पण ह्या गप्पांमागे एक शास्त्र आहे, आणि त्याचा आपल्यासारख्या लहान समाजाशी फार जवळचा संबंध आहे. त्याला एथ्नोग्राफी म्हणतात. मराठीत आपण त्याला लोकांत राहून केलेला लोकजीवनाचा अभ्यास म्हणू. तो कसा करतात, त्यातून कोणाचे काय भले झाले आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांना त्याची गरज का आहे, हे ह्या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हक्क आहे, मग अडते कुठे?

इस्रायलमध्ये १ जानेवारी १९९५ पासून राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा लागू आहे. प्रत्येक रहिवासी चार कुपत-होलीमपैकी एकीचा सभासद असतो. कोणालाही वयामुळे किंवा आजारामुळे नाकारता येत नाही. भारतात आपण दवाखान्यासाठी पैसे मोजलेले लोक. आपल्याला ह्या कायद्याची किंमत कोणी समजावून सांगायला नको.

परंतु दार उघडे असणे आणि आत जाऊन आपले दुखणे नीट सांगता येणे, ह्यात अंतर आहे. कोणाला भाषा अडवते, कोणाला लाज, कोणाला जिना, कोणाला भीती. कोणी फोनवरची यंत्रे दाबायला कंटाळून तोर घेतच नाही. जे लोक अशा अडचणींमुळे मागे राहतात, त्यांना आरोग्याच्या क्षेत्रात सेवा अपुरी मिळणारे गट म्हणतात. ते गरीबच असतात असे नाही. त्यांचे दुखणे वरपर्यंत पोहोचत नाही, एवढी एकच गोष्ट त्यांच्यात समान असते.

सरकार गरजा ओळखते ती आकड्यांवरून. लहान समाज आकड्यांत दिसत नाही. सरकारी आकडेवारीत बरीच वर्षे माणसाचे मूळ वडिलांच्या जन्मदेशावरून ठरवीत आले आहेत. वडील इस्रायलमध्ये जन्मलेले असले की मुलाचे मूळ इस्रायल. त्यामुळे आपली नातवंडे भारताच्या रकान्यातून केव्हाच बाहेर पडली. आपण उरलो, तेही भारतातून आलेल्या सर्वांच्या एका बेरजेत. ह्या बेरजेवरून आपल्या समाजातील सत्तरीपुढच्या विधवा बायकांना काय होते, हे कळावे कसे? ते कळण्यासाठी कोणीतरी त्यांच्यापाशी जाऊन बसावे लागते.

बसण्याचे शास्त्र

ह्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की ह्या पोलिश विद्वानाचे नाव प्रथम घेतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर गेला, लोकांच्या वस्तीत तंबू ठोकून राहिला, त्यांची भाषा शिकला. दुभाषाकडून ऐकण्याऐवजी त्याने रोजचे जगणे स्वतः पाहिले आणि टिपून ठेवले. पुढे आरोग्याच्या कामातही हीच रीत वापरली जाऊ लागली.

ह्यात मुख्य कामे चार. पहिले, लोकांत राहून पाहणे. दुसरे, मोकळी मुलाखत, म्हणजे हो-नाही असे उत्तर नसलेले प्रश्न विचारून समोरच्याला बोलू देणे. तिसरे, पाचसात जणांना एकत्र बसवून चर्चा; एकाच्या बोलण्यावरून दुसऱ्याला आठवते. चौथे, लोकांचे शब्द गोळा करणे. तुमच्याकडे कोणकोणती दुखणी असतात, असे विचारून लोकांच्याच तोंडून यादी करवतात. मग प्रत्येक नाव चिठ्ठीवर लिहून, एकसारखी वाटणारी दुखणी एका ढिगात ठेवायला सांगतात. कोणते दुखणे डॉक्टरचे, कोणते घरच्या औषधाचे आणि कोणते दृष्ट लागल्याचे, हे त्या ढिगांवरून कळते.

पूर्वी असा अभ्यास करायला वर्षभर लागे. १९८७ साली सुझन स्क्रिमशॉ आणि एलेना उर्तादो ह्या दोघींनी आरोग्यसेवकांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. तिच्या आधारे हेच काम काही आठवड्यांत करता येऊ लागले. आपल्या मोअदोनमध्ये वही घेऊन येणारी मुलगी साधारणपणे ह्याच वाटेने चाललेली असते.

उकळलेल्या पाण्याची गोष्ट

न विचारता सल्ला दिला तर काय होते, ह्याचे एक उदाहरण दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचे आहे. बेंजामिन पॉल ह्यांनी १९५५ साली जगभरच्या अशा अनुभवांचे एक पुस्तक संपादित केले. त्यात एडवर्ड वेलिन ह्यांनी लॉस मोलिनोस ह्या गावाची हकीकत दिली आहे. गावात सुमारे २०० कुटुंबे. पाणी दूषित. आरोग्यखात्याच्या सेविकेने दोन वर्षे घरोघर जाऊन पाणी उकळून पिण्याचा उपदेश केला. दोन वर्षांत तिचे म्हणणे पटले ते फक्त ११ गृहिणींना.

गावातल्या बायका अडाणी म्हणून असे झाले काय? तसे नव्हते. त्या गावात अन्नपाण्याचे उष्ण आणि थंड असे भेद मानले जात, जसे आपण पपई उष्ण आणि दही थंड म्हणतो. हाताला लागणाऱ्या गरमपणाशी ह्याचा संबंध नसतो, हे आपल्याला सांगायला नकोच. कच्चे पाणी फार थंड, आणि आजाऱ्याने अशा थंड गोष्टी टाळाव्यात. म्हणून पाणी उकळायचे ते आजाऱ्यासाठी. धडधाकट माणसाने उकळलेले पाणी पिणे म्हणजे स्वतःला आजारी म्हणवून घेणे. शिवाय लाकूडफाटा आणि चुलीपाशी मोकळा वेळ हाही प्रश्न होता. सेविका जंतूंविषयी बोलत राहिली आणि बायका दुसऱ्याच गोष्टीचा विचार करीत राहिल्या. मुंबई-कोकणात वाढलेल्या आपल्या बायकांना हे सारे एका वाक्यात समजले असते. सेविकेने ते आधी विचारून घ्यायला हवे होते.

झुलू खेड्यापासून यरुशलेमपर्यंत

त्याच पुस्तकात दक्षिण आफ्रिकेचीही एक हकीकत आहे, आणि तिचे धागे थेट आपल्या देशापर्यंत येतात. सिडनी कार्क आणि एमिली कार्क ह्या ज्यू डॉक्टर दांपत्याने १९४० साली नाताळ प्रांतात फोलेला येथे झुलू लोकांसाठी आरोग्यकेंद्र काढले. रोग्याची वाट पाहत न बसता त्यांचे स्थानिक साहाय्यक घरोघर जात आणि कोण काय खाते, कोण कशाने मरते, ह्याची दरवर्षी नोंद करीत. पुढे तेथे काम केलेले डॉक्टर जॉन कॅसल ह्यांनी ते अनुभव लिहून ठेवले.

मुले कुपोषित होती. गाई घरोघर होत्या, पण सर्वांना दूध मिळत नसे. लोकांत बसून विचारल्यावर कारण समजले. घरच्या गुरांचे दूध त्या कुळातील माणसांनीच प्यायचे, असा नियम. लग्न होऊन आलेली सून दुसऱ्या कुळातली. म्हणजे जिला गरोदरपणात दुधाची सर्वांत अधिक गरज, तिलाच ते वर्ज्य. डॉक्टरांनी नियमावर टीका केली नाही. त्यांनी दुधाची भुकटी आणली. ती दुधापासूनच करतात हे लोकांना ठाऊक होते, पण त्यांच्या भाषेत तिला दूध न म्हणता पीठ किंवा भुकटी म्हणत. घरच्या गुरांशी तिचा संबंध नव्हता, म्हणून नियम मोडत नव्हता. सुनांनी ती बिनतक्रार घेतली. कश्रुत पाळणाऱ्या लोकांना ही गोष्ट समजणे जड जाऊ नये. मांसाच्या रश्शात दूध-दही चालत नाही म्हणून आपल्या आज्यांनी नारळाचे दूध घातले, ते अशाच बुद्धीने.

तेथेच एक उलटा अनुभवही आला. एका मुलीला क्षयरोग झाला. हिच्यापासून इतरांना रोग लागतो, तिला इस्पितळात ठेवा, असे वडिलांना सांगण्यात आले. वडील संतापले. त्यांच्या समजुतीप्रमाणे दुसऱ्याला रोग देण्याची शक्ती फक्त चेटूक करणाऱ्यात असते. डॉक्टरांनी वैद्यकीय माहिती दिली. बापाच्या कानांनी ऐकले की माझ्या मुलीला चेटकीण म्हटले. निदान बरोबर होते आणि औषधही होते, तरी एका वाक्यापायी सारे अडले.

१९५९ साली कार्क दांपत्य यरुशलेमला आले. हदासा आणि हिब्रू विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत त्यांनी हीच दृष्टी आणली आणि किर्यात हायोवेल येथील आरोग्यकेंद्रात ती राबवली. आधी वस्ती ओळखा, तिच्या गरजा शोधा आणि मग दवाखाना चालवा, अशी ती रीत. १९७१ पासून तेथे रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार ह्यांसाठी साऱ्या वस्तीला धरून एक कार्यक्रम चालवण्यात आला. झुलू सुनांच्या दुधापासून शिकलेला धडा अशा रीतीने यरुशलेमच्या एका वसाहतीत कामी आला. पुढे अनेक देशांतील डॉक्टर तो शिकायला तेथे येऊ लागले.

गडचिरोलीचा कानोसा

आता आपल्या मायदेशाकडे वळू. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गडचिरोली जिल्हा आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ पासून तेथे काम सुरू केले. राणीताई खेड्यातल्या बायकांत बसून त्यांचे ऐकत. बायका अशा दुखण्यांविषयी बोलू लागल्या, ज्यांचा कोणत्याही सरकारी कागदावर उल्लेख नव्हता. बाळंतपण आणि कुटुंबनियोजन सोडले तर खेडेगावातल्या बाईला बायकांचे दुसरे काही दुखणे असते, असे त्यावेळी कोणी धरतच नसे.

मग दोन गावांतील ६५० बायकांची तपासणी झाली आणि १९८९ साली 'लॅन्सेट' ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. १०० पैकी ९२ बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झाली होती ती १०० पैकी केवळ ८ जणींची. ह्यातला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी ऐकणे झाले, नंतर मोजणे. ऐकलेच नसते तर मोजायचे काय, हेही कळले नसते. त्या बायकांचे शब्द आणि समजुती राणीताईंच्या 'कानोसा' ह्या मराठी पुस्तकात वाचायला मिळतात.

दवाखाना बांधायच्या आधीही त्यांनी आदिवासींना विचारले, मोठ्या इस्पितळात तुम्ही का जात नाही? उत्तरे अशी आली की कोणत्याही शहाण्याला सुचली नसती. तेथे नातेवाइकांना राहू देत नाहीत. आणि डॉक्टर-नर्सचे कपडे पांढरे; पांढऱ्या कापडात तर आम्ही मुडदा गुंडाळतो! मग दवाखाना आदिवासी पाड्यासारखा बांधण्यात आला. रोग्याबरोबर घरच्या माणसांना राहता येईल अशा झोपड्या केल्या, आणि लोकांच्या देवीवरून त्याचे नाव माँ दंतेश्वरी दवाखाना ठेवले.

ह्या देशात न विचारल्याची किंमत

इस्रायलमध्ये हा धडा सर्वांत महाग पडला तो इथिओपियाहून आलेल्या बांधवांच्या बाबतीत. १९८४-८५ आणि पुन्हा १९९१ साली ते मोठ्या संख्येने आले. जानेवारी १९९६ मध्ये वर्तमानपत्रातून उघडकीस आले की, त्यांनी दिलेले रक्त एड्सच्या भीतीने गुपचूप फेकून दिले जात होते, आणि त्यांना कोणी एका शब्दाने सांगितले नव्हते. यरुशलेममध्ये हजारोंनी निदर्शने केली. माजी राष्ट्राध्यक्ष यित्झाक नावोन ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. आपल्याविषयीचे निर्णय आपल्याला न विचारता घेतले म्हणजे मनाला काय होते, हे १९६२ ते १९६४ च्या लढ्यात आपण अनुभवले आहे. म्हणून त्यांचे दुःख आपल्याला इतरांहून अधिक समजावे.

त्यानंतरच्या वर्षांत 'रेफुआ श्लेमा' नावाच्या कार्यक्रमात काही दवाखान्यांत इथिओपियन समाजातीलच मध्यस्थ नेमले गेले. ते नुसते दुभाषे नव्हते. कोणत्या शब्दाचा अर्थ काय, कोणती गोष्ट कोणासमोर बोलू नये, हे ते डॉक्टरांना समजावीत आणि डॉक्टरांचे म्हणणे रोग्याला. फेब्रुवारी २०११ मध्ये आरोग्य मंत्रालयाने सर्व आरोग्यसंस्थांना भाषा आणि संस्कृती ह्यांच्या दृष्टीने सेवा सुलभ करण्याचा आदेश काढला. आज अरबी, रशियन आणि अम्हारिक भाषांसाठी सोयी दिसतात. मराठीसाठी अशी सोय आमच्या तरी पाहण्यात नाही. आपण थोडे, आणि आपण तक्रारही करीत नाही.

आपल्या घरात पाहू या

आपल्या समाजात असा अभ्यास झालाच नाही असे नाही. शाल्वा वाइल ह्या विदुषींनी १९७० च्या दशकात लोदमधील बेने-इस्राएल लोकांत राहून अभ्यास केला. पण त्यांचा विषय आपली ओळख आणि चालीरीती हा होता. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीकडे त्याच नजरेने पाहिले तर काय दिसेल? आमच्या मते निदान चार गोष्टी दिसतील.

पहिली गोष्ट शब्दांची. आपली आजी म्हणते, "पित्त झालंय." म्हणजे मळमळते, आंबट वर येते, डोके धरते. नात हिब्रूत सांगते 'मरा'. मरा म्हटल्यावर डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे पित्ताशय येते आणि ते त्याची तपासणी लिहून देतात. अंगावर गांधी उठल्या तरी आपण पित्तच म्हणतो, ते आणखी निराळे. आजोबा म्हणतात, "जीव घाबरतोय." नातू सांगतो 'मेफाहेद', म्हणजे भिताहेत. डॉक्टर धीर देऊन घरी पाठवतात. हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः बायकांत आणि मधुमेह्यांत, हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. नुसती घाबरल्यासारखी अवस्था, घाम, मळमळ, धाप असते. अशा वेळी 'भिताहेत' हे भाषांतर जिवावर बेतू शकते.

काही दुखणी तर डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत, कारण आपण ती आपल्याच ढिगात टाकून मोकळे होतो. तळपायांची आग होते. आपण म्हणतो उष्णता झाली आणि ताक पितो, सब्जा भिजवतो. उष्णतेसाठी काय डॉक्टरकडे जायचे? पण मधुमेही माणसाच्या तळपायांची आग ही मज्जातंतू बिघडत चालल्याची खूण असू शकते. ताक खुशाल प्यावे, पण डॉक्टरांना सांगावे.

दुसरी गोष्ट आपल्या स्वभावाची. डॉक्टर विचारतात कसे आहात, आणि आपण म्हणतो, "हकोल बेसेदेर, बारुख हाशेम." डॉक्टर हा मोठा माणूस, त्याचा वेळ घेऊ नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले. सोबत मुलगा किंवा जावई असला तर लघवीची तक्रार आई कशी सांगणार? फाइलीत लिहिले जाते की तक्रार नाही. हेच गिमलात सिऊदच्या वेळी होते. १९८८ पासून ही मदत मिळते. आंघोळ, कपडे, जेवण, घरात चालणे-फिरणे किती जमते, हे पाहायला बाई घरी येते. परक्या बाईसमोर "मला जमत नाही" म्हणायची लाज वाटते, म्हणून आजी नीटनेटकी साडी नेसून बसते आणि सांगते, सगळे मी स्वतःच करते. खरे तर ती आठवड्यातून दोनदाच, सून घरी असेल तेव्हा, स्टुलावर बसून बादली-तांब्याने आंघोळ करते. अर्ध्या तासाच्या तपासणीत ते दिसत नाही. दोन दिवस घरात वावरणाऱ्याला दिसले असते. माणूस सांगतो काय आणि करतो काय, ह्यांतील अंतर पाहणे हे ह्या अभ्यासाचे एक मुख्य काम आहे.

तिसरी गोष्ट जेवणाची. मधुमेहासाठी मिळालेल्या छापील कागदावर पाव किती, पास्ता किती, कॉटेज चीज किती, हे असते. आपल्या ताटात भात, आमटी, चपाती किंवा तांदळाची भाकरी आणि बटाट्याची भाजी. भात किती वाट्या, हे कागदावर नाही. मलिद्याच्या गोड पोह्यांविषयी किंवा रोश हाशानाच्या चिकाच्या हलव्याविषयी कागदाला काय ठाऊक? आणि हे प्रकरण लहान नाही. भारतीय वंशाच्या लोकांना इतरांपेक्षा कमी वजनातही मधुमेह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये सुचवले की, आशियाई लोकांत उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २३ झाला की सावध व्हावे. इतरांसाठी ही मर्यादा २५ धरतात. म्हणजे अंगाने बारीक दिसणारा आपला माणूसही निर्धास्त राहू शकत नाही.

चौथी गोष्ट भाषेची, आणि आमच्या मते सर्वांत गंभीर. वार्धक्यात स्मरणशक्ती ढळू लागली म्हणजे मोठेपणी शिकलेली भाषा आधी मागे पडते आणि माणूस लहानपणच्या भाषेकडे वळतो, असे पुष्कळदा आढळते. चाळीस वर्षे कारखान्यात हिब्रू बोललेले आजोबा मराठीच बोलू लागतात. मेटापेलेतला मराठी येत नाही, नातवंडांनाही येत नाही. स्मरणशक्तीची परीक्षा हिब्रूत झाली तर मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या आजीला कमी गुण पडायचेच. त्यातले किती आजारामुळे आणि किती भाषेमुळे, हे कोण सांगणार?

आठ प्रश्न

ह्यावर आर्थर क्लाइनमन ह्या अमेरिकन डॉक्टरांनी एक सोपा मार्ग सुचवला आहे. ते मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्राचे अभ्यासक. तैवानमध्ये रोगी आणि वैद्य ह्यांचा त्यांनी अभ्यास केला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी डॉक्टरांनी रोग्याला विचारावेत असे काही प्रश्न मांडले. आपल्या भाषेत ते असे:

१. ह्या दुखण्याला तुम्ही काय म्हणता?
२. ते कशाने झाले असे तुम्हाला वाटते?
३. ते तेव्हाच का सुरू झाले?
४. ते शरीरात काय करते?
५. ते किती भारी आहे? लवकर जाईल की रेंगाळेल?
६. कोणता उपाय व्हावा असे तुम्हाला वाटते?
७. ह्या दुखण्यामुळे रोजच्या जगण्यात काय काय अडले?
८. तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते?

डॉक्टरांना वेळ नसतो, हे खरे. मग त्यांनी विचारण्याची वाट का पाहावी? तोरच्या आदल्या रात्री मुलाला किंवा नातीला जवळ बसवून ह्या आठांची उत्तरे आपणच लिहून घ्यावीत. सातवा आणि आठवा प्रश्न तर सोडूच नये. "गुडघा दुखतो" म्हटल्यावर डॉक्टर गोळी देतील. "गुडघ्यामुळे दोन महिने बेत-क्नेसेतला गेलो नाही आणि एकटा पडलो" असे सांगितले, तर ते आणखी काही करू शकतील.

मर्यादा आणि आपले हक्क

ह्या पद्धतीत उणिवाही आहेत. वीसपंचवीस माणसांशी बोलून किती टक्के लोकांना काय होते, हे सांगता येत नाही. त्यासाठी मोजणीच हवी. अभ्यास करणाऱ्याच्या मनात आधीच काही ठसलेले असेल तर त्याला तेच ऐकू येते. समाजातील पुढारीच सर्वांच्या वतीने बोलले तर मागच्या बाकावरची बाई गप्पच राहते. म्हणून चांगला अभ्यासक वेगवेगळ्या माणसांना विचारतो, ऐकलेले आणि पाहिलेले ताडून पाहतो आणि शेवटी, आम्हाला असे कळले, हे बरोबर आहे का, म्हणून लोकांपाशी परत येतो.

आपणही काही गोष्टी विचाराव्यात. तुम्ही कोणत्या विद्यापीठाच्या? हे काम कोणाच्या परवानगीने? माझे नाव कोठे छापले जाईल का? ही वही पुढे कोणाकडे जाईल? उत्तर समाधानकारक नसेल तर नाही म्हणण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि त्यामुळे कुपत-होलीममधील सेवेत किंवा भत्त्यात काही फरक पडता कामा नये. उत्तर समाधानकारक असेल तर मात्र मनमोकळे बोलावे. अशा वेळी "हकोल बेसेदेर" म्हणणे हा नम्रपणा नव्हे. त्याने आपल्यामागून येणाऱ्यांचे नुकसान होते.

एक विनंती

बेअर-शेवा, डिमोना, अश्दोद, लोद, रामले, जेथे जेथे आपली माणसे मोअदोनमध्ये जमतात, तेथे एक काम आपल्याला स्वतःच करता येईल, आणि त्याला विद्यापीठ लागत नाही. आपल्या दुखण्यांच्या शब्दांची यादी करावी. कणकण, उसण, चमक, मुंग्या, पित्त, वात, उष्णता, डोके भणभणणे, जीव घाबरणे, कसेसेच होणे. प्रत्येक शब्दापुढे शरीरात नेमके काय होते ते साध्या मराठीत लिहावे, आणि हिब्रू चांगली येणाऱ्या मुलांनी, शक्य तर आपल्यातील परिचारिका व डॉक्टरांनी, तसेच साध्या हिब्रूत उतरवावे. एकाच शब्दाला कुलाब्याकडे एक अर्थ आणि मुंबईत दुसरा असेल तर दोन्ही लिहावेत. अशी दोन पानी यादी आजीच्या पर्समध्ये, मेटापेलेतच्या हाती आणि डॉक्टरांच्या टेबलावर असली तर पुष्कळ गैरसमज टळतील.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. हे शब्द पूर्ण अर्थानिशी जाणणारी शेवटची पिढी आपलीच आहे. आपली मुले ते ओळखतात, पण वापरत नाहीत. नातवंडांच्या कानांवर ते पडलेलेच नाहीत. पुढील अंकाच्या आधी प्रत्येक वाचकाने निदान पाच शब्द अर्थासह संपादकांकडे पाठवावेत. लिहिणे जमत नसेल तर टेलिफोनवरून सांगावेत. आलेले सर्व शब्द एकत्र करून, मराठी आणि हिब्रू दोन्हींत मांडून देण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

सर्वांस उत्तम आरोग्य लाभो. शालोम.